तारेचे टोक : टर्मिनल ब्लॉकचा इतिहास

१/
विजेचा इतिहास बहुधा दोन टोकांचा सांगितला जातो. एका टोकाला धरण, जनित्र आणि वीजकेंद्र; दुसऱ्या टोकाला दिवा, पंखा आणि यंत्र. मधली तार गृहीत धरली जाते, आणि ती तार जिथे दुसरीला भेटते तो जोड तर कोणाच्या ध्यानीमनीही नसतो. प्रत्यक्षात तार मध्येच क्वचित दगा देते. दगा देतो तो जोड. या जोडासाठी घडवलेल्या एका छोट्या वस्तूचा, टर्मिनल ब्लॉकचा, हा इतिहास.

२/
कारखान्यातील, पाणीपुरवठा केंद्रातील किंवा रेल्वेच्या सिग्नल खोलीतील कंट्रोल पॅनेल उघडले की तळाशी किंवा कडेला अरुंद, करड्या ठोकळ्यांची लांब रांग दिसते. प्रत्येक ठोकळ्यात एका बाजूने एक तार शिरते, दुसऱ्या बाजूने दुसरी बाहेर पडते आणि आतली धातूची पट्टी दोघींना जोडते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेसाठीचा आजचा ठोकळा जेमतेम ५.२ मिलिमीटर रुंद असतो. मोठ्या पॅनेलमध्ये असे शेकडो ठोकळे ओळीने बसलेले असतात.

३/
ही रांग म्हणजे पॅनेलची वेस. वेशीच्या आतली वायरिंग कार्यशाळेत, आराखडा समोर ठेवून होते आणि तिथेच तपासली जाते. वेशीबाहेरच्या केबल, म्हणजे मोटारींच्या, सेन्सरच्या, व्हॉल्व्हच्या, प्रत्यक्ष जागेवर, धुळीत आणि घाईत, बहुधा वेगळ्याच माणसांच्या हातून जोडल्या जातात. दोन कामांची आणि दोन जबाबदाऱ्यांची हद्द इथे ठरते. बिघाड आत आहे की बाहेर, याचा निवाडाही इथेच तार सोडवून, मीटर लावून होतो.

४/
इतिहासाच्या अभ्यासकाला या रांगेत आणखी काही दिसू शकते. तिच्यातील जवळजवळ प्रत्येक निराळा प्रकार म्हणजे तार जोडणाऱ्या हातून होऊ शकणारी एखादी चूक त्या हाताकडून काढून घेण्याचा प्रयत्न आहे. कुठे सैल राहिलेला स्क्रू, कुठे भलत्या क्रमाने सोडवलेली तार, कुठे खाणीत उडालेली ठिणगी. किल्ल्याच्या तटबंदीवरून जसे तिथे झालेले हल्ले वाचता येतात, तसे या ठोकळ्यांवरून जुने धोके वाचता येतात.

५/
आरंभ तारायंत्राच्या काळात होतो. एकोणिसाव्या शतकातील तारायंत्रांवर लाकडी पाटावर पितळी खुंट्या बसवलेल्या असत. तार खुंटीभोवती गुंडाळायची किंवा तिच्या भोकातून ओवायची आणि वरची चक्री हाताने घट्ट करायची. प्रवाह अत्यल्प होता. जोड सैल झाला तर संदेश पोहोचत नसे. खोली पेट घेत नसे. त्यामुळे जोड हा तेव्हा सोयीचा प्रश्न होता, सुरक्षेचा नव्हे.

६/
४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र सुरू झाले आणि शहराच्या वस्तीत मोठा प्रवाह वाहू लागला. त्या पिढीतील वीजकेंद्रांचे स्विचबोर्ड संगमरवराच्या आणि स्लेटच्या लाद्यांवर उभारले जात, कारण दगड विजेला अडवतो आणि पेटत नाही. लादीला भोके पाडून आरपार पितळी बोल्ट घालायचे आणि मागच्या बाजूने नटाखाली तारा आवळायच्या, अशी ती पद्धत. काम देखणे होते. पण एकदा पाडलेले भोक हलवता येत नसे.

७/
सैल जोड घातक का, हे एका साध्या हिशेबाने कळते. उष्णता ही प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, या हिशेबाने निर्माण होते. २० अँपिअर वाहत असताना जोडाचा रोध एक मिलिओहम असेल, तर तिथे ०.४ वॅट उष्णता निघते. हाताला जाणवणारही नाही. तोच जोड सैल होऊन रोध ०.१ ओहम झाला, तर ४० वॅट. म्हणजे बंद पेटीत, प्लास्टिकला टेकवून, एक सोल्डरिंग आयर्न दिवसरात्र चालू ठेवल्यासारखे.

८/
यातली खरी मेख पुढे आहे. जोड तापत असताना प्रवाह वाढलेला नसतो. तो २० अँपिअरच असतो. फ्यूज केवळ प्रवाह पाहतो, म्हणून त्याला यातले काहीच कळत नाही. तापल्याने धातूवर ऑक्साइडचा थर चढतो, थरामुळे रोध वाढतो, रोधामुळे ताप आणखी वाढतो. राखणदार जागा असूनही चोरी होत राहावी, असा हा प्रकार. म्हणून जोड मुळातच पक्का असणे, यापलीकडे त्यावर सोपा उतारा नव्हता.

९/
आता कथा जर्मनीच्या रुर खोऱ्यात जाते. एसेन हे क्रुपच्या पोलादाचे शहर, आणि १८९८ मध्ये स्थापन झालेल्या आर.डब्ल्यू.ई. या मोठ्या वीजकंपनीचेही. तिथेच १९२३ मध्ये ह्यूगो क्न्युमान यांनी विद्युत साहित्याच्या व्यापाराचा व्यवसाय सुरू केला. हीच पुढची फिनिक्स कॉन्टॅक्ट. १९२८ मध्ये आर.डब्ल्यू.ई.च्या सहकार्याने तिथे आजच्या टर्मिनल ब्लॉकचा पूर्वज तयार झाला. जर्मन भाषेत त्याच्या नावाचा अर्थच ‘रांगेत बसणारा चाप’ असा आहे.

१०/
कल्पना ऐकायला साधी होती. वीस जोडांची एक अखंड पट्टी बनवण्याऐवजी एक जोड म्हणजे एक स्वतंत्र ठोकळा, आणि हवे तितके ठोकळे एका पट्टीवर शेजारी शेजारी. एकविसावा जोड लागला तर एक ठोकळा वाढवायचा. सातवा जळाला तर तेवढाच बदलायचा. दगडी लादीने जे गोठवून टाकले होते, ते रांगेने मोकळे केले. विस्तारणाऱ्या वीजजाळ्याला नेमके हेच हवे होते, कारण त्याचे आराखडे दर वर्षी बदलत होते.

११/
ज्या पट्टीवर हे ठोकळे बसतात तिलाही वेगळा इतिहास आहे. ‘डिन’ हे जर्मन प्रमाणीकरण संस्थेचे नाव. पॅनेलच्या कामात ‘डिन रेल’ हा शब्द तिथूनच आला. टोपीच्या आडव्या छेदासारखा तिचा आकार. आज सर्वाधिक वापरली जाणारी रेल ३५ मिलिमीटर रुंद आणि ७.५ मिलिमीटर खोल असते. हे माप आंतरराष्ट्रीय ठरल्याने एका देशातला ठोकळा, दुसऱ्या देशातला रिले आणि तिसऱ्या देशातला एमसीबी एकाच रेलवर नांदू शकतात.

१२/
मग दुसरे महायुद्ध आले. १९४३ च्या वसंतात रुर खोऱ्यावर दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी तीव्र बॉम्बहल्ले केले आणि एसेन त्यांचे प्रमुख लक्ष्य होते. युद्धाच्या या धामधुमीत क्न्युमान यांचा व्यवसाय एसेन सोडून पूर्वेकडे, लिप्पे प्रदेशातील ब्लोमबर्ग या लहानशा गावी गेला. तात्पुरता वाटावा असा हा मुक्काम कायमचा ठरला. कंपनीचे मुख्यालय आजही तिथेच आहे.

१३/
ब्लोमबर्गपासून वीसएक किलोमीटरवर डेटमोल्ड आहे. इ.स. ९ मध्ये रोमन सैन्याचा पराभव करणाऱ्या आर्मिनियसचे १८७५ मध्ये पूर्ण झालेले भव्य स्मारक याच गावाजवळच्या टेकडीवर उभे आहे. या परिसरात १९४८ मध्ये आणखी एक निर्वासित उद्योग आला. वाइडम्युलर ही सॅक्सनीतील केम्निट्झची जुनी पेढी. मूळ व्यवसाय कापडाचा आणि नंतर कपड्यांना लागणाऱ्या टिचबटणांचा. युद्धानंतर केम्निट्झ सोव्हिएत अमलाखाली गेले आणि गॉटफ्रीड ग्लेझेल यांनी पश्चिमेकडे नव्याने आरंभ केला.

१४/
या नव्या आरंभातून प्लास्टिकचे आवरण असलेला टर्मिनल ब्लॉक पुढे आला. तोवर आवरण प्रामुख्याने चिनीमातीचे असे. चिनीमाती उष्णता उत्तम सोसते, पण जास्त आवळली की तडकते, आणि भट्टीत आकसत असल्याने तिची मापे काटेकोर राखणे कठीण. साच्यातून निघणारे प्लास्टिक हलके, न तडकणारे आणि प्रत्येक वेळी त्याच मापाचे. टिचबटण आणि टर्मिनल या दोन्हींचे मर्म एकच होते : छोटा भाग, लाखोंच्या संख्येत, अचूक मापात.

१५/
तिसरे गाव वेझर नदीकाठचे मिंडेन. तिथे १९५१ मध्ये वागो ही कंपनी स्थापन झाली. वाग्नर आणि ओल्ब्रिख्त या दोन नावांच्या आद्याक्षरांवरून हे नाव बनले. स्क्रूविना तार धरणाऱ्या टर्मिनलचे पेटंट त्यांच्याकडून घेतलेले होते. स्क्रूऐवजी स्प्रिंग, हा त्याचा गाभा. अशा रीतीने बॉम्बवर्षाव, फाळणी आणि एक पेटंट यांमुळे जर्मनीच्या एका शांत कोपऱ्यातील तीन छोटी गावे जगाच्या जोडांची राजधानी झाली.

१६/
स्प्रिंगचा आग्रह का, हे समजायला तांब्याचा स्वभाव ठाऊक हवा. स्क्रूखाली दाबलेले तांबे हळूहळू पसरते. तापते तेव्हा फुगते, थंड होते तेव्हा आकसते. काही महिन्यांनी तार तीच, स्क्रूही तोच, पण पकड पहिल्यासारखी उरत नाही. यंत्राची थरथर असेल तर स्क्रू आपोआप फिरून सैलही होतो. स्प्रिंग मात्र तारेच्या मागे मागे येते : तार जितकी दबेल तितकी स्प्रिंग पुढे सरकते. १९७७ मध्ये आलेल्या वागोच्या ‘केज क्लॅम्प’ने हे तत्त्व जगभर पोहोचवले.

१७/
स्क्रूची दुसरी अडचण माणसाशी निगडित होती. कमी आवळला तर जोड तापतो. जास्त आवळला तर बारीक पदर तुटतात. ‘पुरेसे’ म्हणजे किती, हे प्रत्येक मनगटाचे वेगळे, आणि त्याच मनगटाचे सकाळी व संध्याकाळीही वेगळे. स्प्रिंगचा दाब कारखान्यातच ठरलेला असतो. पुढे आलेल्या ‘पुश-इन’ प्रकारात तर फेरूल चढवलेली तार नुसती आत ढकलायची. तरीही स्क्रू गेलेला नाही. तो डोळ्यांना दिसतो, तपासता येतो, आणि त्यावर पिढ्यांचा विश्वास आहे.

१८/
हा विश्वास कुठे मोडतो, हे अमेरिकेने अनुभवले. १९६५ ते १९७३ या काळात तांबे महागल्याने तिथल्या अनेक घरांत ॲल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या. ॲल्युमिनियम तांब्याहून अधिक फुगते, अधिक पसरते आणि हवेत क्षणात रोधक थर धरते. तारा ठीक होत्या. तांब्यासाठी बेतलेल्या स्क्रूखालचे जोड जळू लागले. १९७२ पूर्वी अशा तारा घातलेल्या घरांत एखादा जोड आगीच्या उंबरठ्यावर पोहोचण्याची शक्यता तांब्याच्या घरांच्या ५५ पट असल्याचे तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने नोंदवले.

१९/
आता रांगेतले प्रकार पाहू. करडा, साधा ठोकळा ‘फीड थ्रू’. एक तार आत, एक बाहेर. हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचा तो अर्थिंगचा. त्याचा धातूचा पाय थेट रेलला चावतो, त्यामुळे ठोकळा बसवताच तो पॅनेलच्या अर्थिंगशी जोडला जातो. वेगळी तार ओढायला विसरण्याची सोयच उरत नाही. रंगही असा, की घाईतही तो दुसऱ्या कशाशी गल्लत होऊ देत नाही. फ्यूज असलेला ठोकळा एका सर्किटचा बिघाड तिथेच थोपवतो. सुरीसारखे पाते उचलून तोडता येणारा ठोकळा तार न सोडवता तपासणी करू देतो, म्हणजे परत जोडताना चूक होण्याचा प्रश्नच मिटतो.

२०/
सर्वांत बोलका प्रकार करंट ट्रान्सफॉर्मरचा, म्हणजे ‘सीटी’चा. मोठा प्रवाह मोजण्यासाठी सीटी तो १ किंवा ५ अँपिअरवर आणते. तिचा नियम विलक्षण आहे : वीज वाहत असताना तिची दुय्यम बाजू कधीही उघडी सोडायची नाही. उघडली तर तुटलेल्या टोकांवर हजारो व्होल्ट उभे राहू शकतात. मीटर बदलायला निघालेल्या माणसाने सवयीने तार सोडवली, तर जिवावर बेतते. म्हणून सीटीच्या ठोकळ्यात सरकती पट्टी असते. आधी ती सरकवून दोन्ही टोके एकमेकांना जोडायची, मगच मीटरकडची वाट तोडायची.

२१/
निळसर ठोकळ्यांची कथा वेल्समधील एका खाणीत आहे. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी सेंघेनिदच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ४३९ कामगार आणि मदतीला गेलेला एक जण मृत्यू पावला. ब्रिटनच्या इतिहासातील ही सर्वांत भीषण खाण दुर्घटना. ज्या कारणांवर संशय गेला त्यांत घंटेने संकेत देण्याच्या विद्युत यंत्रणेतील ठिणगी होती. दोन उघड्या तारा एकमेकींना टेकवून घंटा वाजवायची, अशी त्या काळच्या खाणींतली रीत. व्होल्टेज किरकोळ, म्हणून ती निर्धोक मानली जाई.

२२/
मिथेन पेटायला मात्र सुमारे ०.२८ मिलिज्यूल इतकी क्षुल्लक ऊर्जा पुरते. या काळातील संशोधनातून ‘इंट्रिन्सिक सेफ्टी’चे तत्त्व आले : सर्किटमधली ऊर्जाच इतकी कमी ठेवायची, की तार तुटली तरी स्फोटक वायू पेटू नये. आज तेलशुद्धीकरण किंवा रसायन कारखान्याच्या पॅनेलमध्ये अशा सर्किटचे ठोकळे फिकट निळे असतात आणि इतर सर्किटच्या ठोकळ्यांपासून किमान ५० मिलिमीटर दूर, किंवा मध्ये आडभिंत घालून, बसवले जातात. त्या रिकाम्या पाच सेंटिमीटरमागे खाणींची शोकांतिका आहे.

२३/
एवढी तटबंदी झाल्यावर हातून चूक होण्याची शक्यता संपली का? १२ डिसेंबर १९८८ च्या सकाळने याचे उत्तर दिले. लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ बेसिंगस्टोकहून आलेली गाडी थांबली होती. तिच्या मागचा सिग्नल लाल राहायला हवा होता; तो राहिला नाही. पूलहून येणारी प्रवाशांनी भरलेली गाडी तिच्यावर आदळली आणि शेजारच्या रुळावरून जाणारी एक रिकामी गाडी त्या ढिगाऱ्यात शिरली. ३५ जण मृत्यू पावले, ४८४ जखमी झाले.

२४/
कारण सिग्नलच्या रिले खोलीत सापडले. जुनी यंत्रणा बदलण्याचे काम चालू होते. २७ नोव्हेंबरला एक जुनी तार रिलेच्या टर्मिनलवरून सोडवली गेली. पण तिचे दुसरे टोक फ्यूजपाशी जोडलेलेच राहिले आणि सुटे टोक कापून न टाकता नुसते बाजूला वळवले गेले. ११ डिसेंबरला शेजारच्या रिलेवर काम झाले, तार हलली आणि आपल्या जुन्या जागी परत टेकली. सिग्नलला मिळू नये तो प्रवाह त्या एका टोकातून मिळत राहिला.

२५/
चौकशी अँथनी हिडन यांच्याकडे होती. त्यांच्या १९८९ च्या अहवालाने बोट केवळ एका माणसावर रोखले नाही. ज्या तंत्रज्ञाने ती तार सोडवली, त्याला आधीच्या तेरा आठवड्यांत फक्त एक दिवस सुटी मिळाली होती. त्याच्या कामाची स्वतंत्र तपासणी झाली नव्हती. प्रत्येक टर्मिनलवर आराखड्याप्रमाणे किती तारा हव्यात आणि प्रत्यक्षात किती आहेत, एवढी मोजणी दुसऱ्या कोणी केली असती तरी ती तार उघडकीस आली असती. १९९१ मध्ये ब्रिटिश रेलला अडीच लाख पौंड दंड झाला.

२६/
या अपघातानंतर ब्रिटनच्या रेल्वेत कामाच्या तासांवर मर्यादा आल्या : एका पाळीत बारा तास, आठवड्यात बहात्तर तास, चौदा दिवसांत तेरा पाळ्या. आजही त्या हिडन यांच्याच नावाने ओळखल्या जातात. तारांची मोजणी आणि स्वतंत्र तपासनीस यांवर नवा भर आला. टर्मिनलच्या इतिहासात या नियमांना स्प्रिंगइतकेच स्थान द्यायला हवे. पकड, रंग आणि अंतर कारखान्यात ठरवता येते. सोडवलेल्या तारेचे पुढे काय करायचे, हे शेवटी थकलेल्या वा ताज्या हातावरच राहते.

२७/
म्हणूनच रांगेवरच्या नंबरांना महत्त्व आहे. पेशवे दफ्तरातला कागद कुठल्या रुमालातला हे ठाऊक नसेल, तर तो असून नसल्यासारखा. क्रमांक नसलेल्या तारेचेही तसेच. टर्मिनलच्या प्रत्येक रांगेला आराखड्यात ‘एक्स’ अक्षराने सुरू होणारे नाव असते, प्रत्येक ठोकळ्याला क्रमांक आणि तारेच्या टोकावर तोच क्रमांक छापलेली नळी. वीस वर्षांनी, मूळ जोडणारा निवृत्त झाल्यावरही, आराखडा हाती घेतलेल्या अनोळखी माणसाला ती तार कुठून आली हे वाचता येते.

२८/
हा इतिहास महाराष्ट्रापासून दूर नाही. डोंबिवलीत कनेक्टवेलसारखी कंपनी टर्मिनल ब्लॉक बनवते. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींतून पॅनेल जोडली जातात. आयटीआयमधून बाहेर पडणारा वीजतंत्री किंवा तारतंत्री कामावरच्या पहिल्या आठवड्यातच ही रांग हाताळतो. करडा, निळा आणि हिरवा-पिवळा ठोकळा तो रंगाने ओळखू लागतो. निळ्यामागचे सेंघेनिद आणि सोडवलेल्या तारेचे टोक लगेच कापण्यामागचे क्लॅपहॅम त्याला कोणी सांगितले, तर तो नियम त्याला पाठ करावा लागणार नाही.